नोकरी, घरदार आणि गेम प्रोग्रॅमिंगचं पुस्तक : खान्देशकरांनो, तुमचे अनुभव सांगा

जळगाव. सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी, काम घरून

गेम कसा तयार करायचा हे पहिल्यापासून शिकवणारं मराठी पुस्तक मी लिहितो आहे. दिवसभर कंपनीचं काम, घरात आई-वडील, बायको आणि दुसरीतली मुलगी. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत असं काही लिहिणारी माणसं अधूनमधून भेटतात आणि बोलणं दर वेळी वेळेवरच येऊन थांबतं. म्हणून म्हटलं, सगळ्यांनी आपापलं एकदा सविस्तर मांडावं.

माझ्यापुरतं सांगतो. हे पुस्तक नुसतं लिहून होत नाही. प्रत्येक प्रकरणातला कोड आधी चालला पाहिजे, मग तो दहावीच्या पोराला कळेल असा सांगता आला पाहिजे. कोडला ताजं डोकं लागतं, सांगायला निवांतपणा लागतो. दोन्ही एकाच बैठकीत उरकायला गेलो की एकही धड होत नाही. त्यामुळे पहाट फक्त कोडची. मे महिन्यात तर दुसरा इलाजच नसतो, पारा ४५ च्या आसपास गेला की दुपारी लॅपटॉपही तापतो आणि डोकंही. रात्री मुलगी झोपली की पहाटे चाललेल्या कोडवर दोन-तीन परिच्छेद लिहितो. रात्री नवीन कोड उघडायचा नाही, हा नियम मी कडक पाळतो. एक बग, म्हणजे कोडमधली चूक, अडला की एक वाजतो आणि दुसऱ्या दिवशीची नोकरी बिघडते.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण ती कुणी सांगत नाही. नोकरी लागताना सही केलेला करार काढून वाचा. नोकरीत असताना लिहिलेल्या कोडवर हक्क कुणाचा, हे त्यात असू शकतं. मी एचआरकडून लेखी होकार घेतला आणि पुस्तकाचं एकही पान कंपनीच्या लॅपटॉपवर उघडत नाही.

आता तुम्ही सांगा. कधी लिहिता, काय बाजूला ठेवावं लागलं, घरच्यांचं म्हणणं काय?

भुसावळ. वीज केंद्रात शिफ्ट ड्युटी

शिफ्टवाल्या माणसाला 'रोज पहाटे लिहा' हा सल्ला उपयोगाचा नाही. फर्स्ट, सेकंड, नाइट फिरत राहतात आणि त्यांच्यासोबत झोपही फिरते. मी वेळ ठरवली नाही, शिफ्टला काम वाटून दिलं. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात सकाळ मोकळी असते, तेव्हा कोड. फर्स्टच्या आठवड्यात संध्याकाळी लेखन. नाइटच्या आठवड्यात डोकं जड असतं, मग आकृत्या काढणं, शुद्धलेखन, चित्रांना नंबर देणं असली कामं.

खरी अडचण मधल्या खंडाची असते. आठवड्याने फाइल उघडली की आपण कुठे होतो तेच आठवत नाही. त्यावर एकच उपाय लागू पडला. उठण्याआधी कोड चालत्या स्थितीत आणायचा, गिटमध्ये (कोडचे टप्पे जपून ठेवणारं साधन) टाकायचा आणि पुढे काय करायचं ते एका वहीत एका ओळीत लिहायचं. परवाची ओळ अशी होती : 'चेंडू फळीला धडकतो, पण कधीकधी फळीतच थरथरत अडकतो, वेग उलटा करायच्या आधी चेंडू फळीच्या बाहेर आणून ठेव.' आठवड्यानंतर ती वाचली आणि लगेच कामाला लागलो. हा बग शिकणाऱ्या प्रत्येकाला येतो. चेंडू फळीच्या आत गेलेला असतो, वेग उलटा होतो, पुढच्या फ्रेमला, म्हणजे स्क्रीनवरच्या पुढच्या चित्राला, तो अजून आतच असतो आणि वेग पुन्हा उलटा होतो. माझ्या पुस्तकात यावर आता पूर्ण दोन पानं आहेत.

अमळनेर. जळगावच्या एका कॉलेजात शिकवते, रोजचं अपडाऊन

माझं निम्मं पुस्तक रेल्वेत झालं आहे. गाडीत लॅपटॉप उघडायची सोय नाही, बसायला जागा मिळाली तरी पुष्कळ. म्हणून कोड घरी, मजकूर मोबाइलवर. उभं राहावं लागलं तर कोडची छापील पानं हातात धरून वाचते. कागदावर जे दिसतं ते स्क्रीनवर दिसत नाही, असा माझा अनुभव आहे.

शिकवणं आणि लिहिणं या दोन गोष्टी मी वेगळ्या ठेवल्या नाहीत, त्यानेच बराच वेळ वाचला. शाळेत मुलं आलेखात वाय अक्ष वर जाताना शिकतात. स्क्रीनवर शून्य डावीकडे वरच्या कोपऱ्यात असतं आणि वाय खाली वाढत जातो. उडी मारताना खेळाडूचा वेग उणे का द्यायचा, इथे मुलं हमखास अडतात. वर्गात ज्या दिवशी ते समजावलं, त्या दिवशी परतीच्या गाडीत ते पान लिहून टाकलं. मुलांचे प्रश्न कानात ताजे असताना जे लिहिलं जातं ते वर्षभराने घरी बसून लिहिता येत नाही.

घरचं म्हणाल तर रविवार सकाळ माझी, हे सासूबाईंशी बोलून ठरवलं आहे. त्या स्वतः स्वयंपाकघर सांभाळतात. पण श्रावणात कानबाईचे रोट, म्हणजे आमच्या खान्देशातला देवीचा उत्सव, असतात तेव्हा पुस्तकाचं नावही काढत नाही. पाहुणे, दळणं, आरती, गाणी, त्या दिवसांत घरातली बाई लॅपटॉप घेऊन बसली तर ते बरं दिसत नाही आणि मलाही तसं बसावंसं वाटत नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये ९७ वं साहित्य संमेलन आमच्या अमळनेरात भरलं. ग्रंथप्रदर्शनात मी प्रोग्रॅमिंगची मराठी पुस्तकं शोधत फिरले. पिशवी रिकामीच राहिली. त्यानंतर माझा वेग वाढला.

रावेर. केळीची शेती, जोडीला बाहेरगावच्या कंपन्यांची प्रोग्रॅमिंगची कामं

वरच्या तिघांचं वाचलं. माझं गणित आठवड्यावर चालत नाही, हंगामावर चालतं. मृगबागेची लागवड जून-जुलैत, कांदेबागेची सप्टेंबर-ऑक्टोबरात. कटाई सुरू झाली की व्यापारी, गाडी, मजूर, भाव यात दिवस कसा जातो कळत नाही. मे-जूनमध्ये वादळाची धास्ती असते. एका रात्रीत बाग आडवी झालेली मी पाहिली आहे. त्या वर्षी पंचनामा, बँक, पुन्हा लागवड यातच सगळं गेलं आणि पुस्तकाची फाइल उघडली नाही. उघडायला हवी होती असंही मला वाटत नाही.

लिहिण्याची माझी हक्काची वेळ म्हणजे रात्रीच्या लाइटची पाळी. शेतीची वीज रात्री असली की मोटारीसाठी शेतात जावंच लागतं. पाणी सुरू केलं की मधला वेळ मोकळा. खोलीत एक टेबल टाकलं आहे, लॅपटॉप चार्ज होतो, फोन वाजत नाही. सगळ्यात अवघड प्रकरणं तिथेच झाली.

शेतीसारख्या खंडाखंडाने लिहिणाऱ्याला एक गोष्ट माहीत असावी. मी गोडो या गेम इंजिनवर, म्हणजे गेम तयार करायच्या सॉफ्टवेअरवर, लिहीत होतो. ते फुकट आहे, मुक्त आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं, म्हणून निवडलं. माझी अर्धी प्रकरणं तिसऱ्या आवृत्तीवर होती आणि मार्च २०२३ मध्ये गोडो ४.० आलं. खेळाडूसाठी वापरायचा कायनेमॅटिकबॉडी२डी हा नोड (गेमचा तयार घटक) कॅरेक्टरबॉडी२डी झाला, त्याला हलवणाऱ्या मूव्ह-अँड-स्लाइड या आज्ञेला वेग कंसात द्यावा लागायचा तो द्यायची पद्धत गेली, कोडला मध्येच थांबवून वाट बघायला लावणाऱ्या यील्डच्या जागी अवेट आलं. बदल चांगलेच आहेत, नवा कोड जास्त स्वच्छ दिसतो. पण छापील पुस्तकातला वाचक जुनं टाइप करेल आणि चूक दाखवणारी लाल ओळ बघून पुस्तक मिटवेल. म्हणून आता मी प्रकरणं दोन भागांत लिहितो. धडक, गुरुत्वाकर्षण, शत्रूची चाल हे समजावणारा भाग इंजिनचं नाव न घेता, आणि कोड वेगळ्या चौकटीत. आवृत्ती बदलली तर फक्त चौकटी बदलायच्या. दर वर्षी थोडंच लिहून होणाऱ्याला असं करावंच लागतं.

धुळे. खासगी नोकरी

मी थांबलेलो आहे, तरी लिहितो. आईचं आजारपण आलं. सकाळी ऑफिस, संध्याकाळी दवाखाना, रात्री औषधांच्या वेळा. सुरुवातीला मी तिच्या पलंगाशेजारी लॅपटॉप घेऊन बसायचो. ती म्हणायची, "बेटा, आते जेवी ले, मंग कर तुनं काम." तिला माझ्या कामाची काळजी आणि मला तिची. शेवटी मीच लॅपटॉप कपाटात ठेवला आणि प्रकाशकाला फोन करून सरळ सांगितलं की तारीख देऊ शकत नाही. त्यांनी समजून घेतलं. आई आता बरी आहे, घरात हिंडते-फिरते. मी अजून सुरू केलेलं नाही, दिवाळीनंतर करणार आहे. ज्यांच्या घरी दुखणं आहे त्यांनी या धाग्यावरचं वाचून स्वतःला मागे पडल्यासारखं समजू नये, एवढ्यासाठी हे लिहिलं.

शिरपूर. पुस्तक नवरा लिहितो, अनुभव माझा

सगळे लिहिणारेच बोलले, म्हणून घरच्यांकडून एक.

सुरुवातीचं वर्ष मला जड गेलं. माणूस घरात असून नसायचा. विचारलं तर "पाच मिनिटं" आणि जेवण गार. मी भांडले नाही, बसून तीन गोष्टी विचारल्या. यातून पैसे किती मिळतील? थोडेच, असं तो म्हणाला, आणि ते खरं सांगितलं हे मला आवडलं. हे कधी संपेल? आणि रोज किती वाजता उठणार? लिहायला बसण्याची वेळ तो आधीच ठरवायचा, उठण्याची कधीच ठरलेली नसायची. आता साडेदहाला उठतो. कोड अर्धवट असला तरी उठतो.

दुसरा बदल मुलांमुळे झाला. प्रत्येक प्रकरणाचा गेम तयार झाला की आधी आमची दोघं खेळतात. धाकट्याने एकदा शत्रूकडे बघून विचारलं, "हा भिंतीच्या मागे असून मला बघतो कसा?" नवऱ्याने शत्रूला दिसण्याची नजर-रेषा दिलीच नव्हती, फक्त अंतर मोजलं होतं. त्या प्रश्नावर नवीन प्रकरण झालं. त्या दिवसापासून हे पुस्तक आमच्या घरात चौघांचं आहे, आणि मला ते पूर्ण झालेलं बघायचं आहे.

चाळीसगाव. माध्यमिक शाळेत गणित शिक्षक

मला कोड उशिरा आला, गणित आधीपासून होतं. आमच्या तालुक्यात पाटणादेवीला शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याची नोंद त्यात आहे. तिथे दर वर्षी मुलांना नेतो, त्यामुळे भास्कराचार्यांच्या 'लीलावती' या गणिताच्या ग्रंथातली उदाहरणं तोंडपाठ आहेत.

त्यातलं मोराचं उदाहरण मी शत्रूच्या चालीच्या प्रकरणात घेतलं आहे. नऊ हात उंच खांबावर मोर बसला आहे, खांबाच्या बुडाशी सापाचं बीळ. साप बिळापासून २७ हातांवर आहे आणि बिळाकडे निघाला आहे. मोर झेप घेतो, दोघांचा वेग सारखा. बिळापासून किती अंतरावर पकडेल? अंतर क्ष धरलं तर साप २७ वजा क्ष इतका चालतो आणि मोराची झेप काटकोन त्रिकोणाचा कर्ण होते. वर्ग मांडला की क्षचा वर्ग दोन्हीकडून उडून जातो आणि उत्तर येतं १२ हात. साप १५ चालला, मोरही १५ उडाला.

गेममधला साधा शत्रू दर फ्रेमला खेळाडू आत्ता जिथे आहे तिकडे तोंड करतो आणि त्याच्या मागे मागे वळत राहतो. हुशार शत्रू मोरासारखा, खेळाडू जिथे पोचणार आहे तिथे जातो. सन ११५० चं हे उदाहरण मुलांच्या स्क्रीनवर हलताना बघितलं तेव्हा फार आनंद झाला.

वेळेबद्दल : पेपर तपासणी, निवडणुकीची कामं, प्रशिक्षणं यातून दिवाळीची आणि उन्हाळ्याची सुट्टी उरते. तेवढ्यातच लिहितो.

नंदुरबार. जिल्हा परिषद शाळेत शिक्षक

मी लेखक नाही, पहिला वाचक आहे. दोघा लेखकांची प्रकरणं मुलांकडून चालवून घेतो. लेखकांनी आपला कोड चांगल्या लॅपटॉपवर तपासून समाधान मानू नये. आमच्या जुन्या संगणकावर एका पुस्तकातली गाडी रांगत होती. कारण साधं आहे : दर फ्रेमला चार पिक्सेल (स्क्रीनवरचे ठिपके) पुढे, असा कोड. सेकंदाला ६० फ्रेम निघाल्या तर गाडी २४० पिक्सेल जाते, आमच्याकडे २० निघाल्या तर ८०. ६० ची मर्यादा घातली तरी ती वरच्या टोकाला असते, हळू मशीन हळूच राहतं. मागच्या फ्रेमपासून गेलेल्या वेळाने वेग गुणला की फरक मिटतो. हे शेवटच्या प्रकरणात नको, पहिल्या हालचालीसोबतच हवं. १९७८ च्या स्पेस इनव्हेडर्स या गेममध्ये शत्रू कमी झाले की उरलेले भराभर चालायचे, कारण काढायची चित्रं कमी होत गेली आणि मशीनला वेग मिळाला. तिथे त्याने खेळात रंगत आली. आमच्या गाडीला ते भाग्य नाही.

जळगाव. डीटीपी आणि पुस्तक छपाईची कामं करतो

लेखकांनो, शेवटचा महिना आमच्यासाठी राखून ठेवा. मराठी मजकूर जुन्या फॉन्टमध्ये फिरवला की कोडची वाट लागते. पायथनमध्ये ओळीच्या सुरुवातीच्या चार मोकळ्या जागा म्हणजे अर्थ असतो, आणि पानाची मांडणी करताना ऑपरेटर त्या जास्तीच्या म्हणून उडवतो. सरळ अवतरण चिन्हं वाकडी होतात आणि वाचकाचा प्रोग्रॅम पहिल्याच ओळीला अडतो. पूर्ण पुस्तक युनिकोडमध्येच लावायला सांगा. आणि अंतिम प्रूफ आलं की त्या छापील पानावरून कोड हाताने टाइप करून चालवा, मूळ फाइलमधून नाही. आमच्याकडच्या एका पुस्तकात हे न केल्याने शुद्धिपत्र जोडावं लागलं.

जळगाव. धागा सुरू करणारा

नंदुरबारच्या सरांना : माझी पहिली तीन प्रकरणं पाठवतो, तुमच्या जुन्या मशीनवर चालवून घ्या. गाडी माझीही बहुतेक रांगेल. शिरपूरच्या ताई, साडेदहाचा नियम आज घरी सांगितला, तो लगेच मंजूर झाला. चोपडा, शहादा, साक्रीकडचं कुणी अजून बोललेलं नाही. लिहीत असाल तर जरूर सांगा.