सॅन स्टॉर्म: उभी करू की सुटे भाग विकू?

डिचोलीकर: काकांची सॅन स्टॉर्म गाडी नऊ पावसाळे माडाखाली झावळ्यांनी झाकून पडली होती. आपल्या गोव्यातच बनलेली, दोन सीटची, उघड्या टपाची. बॉडी फायबरची, त्यामुळे धुतली की अजून देखणी दिसते. पण परवा खाली सरपटत जाऊन चासीला, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याला, स्क्रूड्रायव्हर टेकवला, तर ड्रायव्हरच्या पायाखाली आरपार! म्हापशाचं एक गिऱ्हाईक फक्त इंजिन-गिअरबॉक्स मागतंय. काकी म्हणते, "वीक एकदाची, कोंबड्या अंडी घालतात तिच्यात."

फोंड्याचा मिस्त्री: इंजिन रेनॉचं, 1149 सीसी. आधी स्टार्टर मारू नकोस. स्पार्क प्लग काढ, भोकांतून थोडं तेल सोड, दोन दिवसांनी क्रँक, म्हणजे इंजिनचा मुख्य दांडा, पान्याने फिरव. चासी वेल्डिंगने सावरता येते रे. पुढची काच फुटलीय का ते सांग, ती कुठून आणणार?

साळगावची: 15 वर्षांनंतर आरसीचं (गाडीच्या नोंदणी-पुस्तकाचं) नूतनीकरण केलंय का? भाग विकायचेच ठरलं, तर आरसी रद्द केल्याशिवाय चासी भंगारात देऊ नका.

डिचोलीकर: काच शाबूत. आरसी काकांच्याच नावावर, ती कटकट आहेच. पण आज पाना लावला, इंजिन आधी कुरकुरलं, मग फिरलं! म्हापशाला थांब म्हटलंय. काकीला अजून सांगितलेलं नाही.