लँडस्केप फोटो सपाट येतात, वाइड लेन्स घेऊ का?

डोंगरवेडा:
मागच्या वर्षी सेकंडहँड कॅनन १५००डी घेतला, सोबत १८-५५ मिमीची किट लेन्स (कॅमेऱ्याबरोबरच येते ती). ऑगस्टमध्ये राजगड केला. गुंजवण्याहून चोर दरवाजाने वर पोचेस्तोवर साडेअकरा वाजले. ढग क्षणभर बाजूला झाले आणि सुवेळा माची हिरवीगार समोर! अंगावर काटा आला. घरी येऊन बघतो तर खाली हिरवा गोळा, वर पांढरं आभाळ. दीडशे फोटोंत भिंतीवर लावावा असा एक नाही. १०-१८ ची वाइड लेन्स (जास्त रुंद दृश्य टिपणारी) घ्यावी म्हणतोय. घेऊ का?

सह्यवारा:
नका घेऊ, निदान इतक्यात तरी. वाइड लेन्सने समोरचा दगड मोठा होतो आणि लांबचा डोंगर ठेंगणा. तुमची तक्रार नेमकी डोंगर छोटा दिसतो अशीच असणार. उलट करून बघा. तीच किट लेन्स ५५ वर, म्हणजे पूर्ण झूमवर न्या आणि संजीवनी माचीवरून तोरणा किल्ल्याकडे रोखा. मधल्या रांगा एकामागे एक रचल्यासारख्या येतील.

दुसरं, साडेअकरा ही वेळच चुकीची. ऊन डोक्यावर, सावल्या नाहीत. मग डोंगराच्या घड्या दिसणार कशा? पहाटेची तिरकी उन्हं हवीत. पण पावसात अंधारात चोर दरवाजाची निसरडी वाट मुळीच चढू नका, फोटो गेला खड्ड्यात. ऑक्टोबरमध्ये जा. हवा धुतलेली असते, गवत पिवळं पडू लागतं. मी एकाच बुरुजावरून चार वेळा फोटो काढलेत, चौथ्या वेळी जमला. मुक्कामाचं गावात विचारून घ्या.

निसर्गा:
ढगांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. धुकं दिसलं की कॅमेऱ्याला वाटतं उजेड फार आहे, आणि तो सगळं मळकट राखाडी करून टाकतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो किती उजळ यावा ते ठरवणारी सेटिंग) +१ च्या आसपास ठेवायचं, मग धुकं पांढरं येतं. ऊन-ढग एकत्र असतील तर उलट, थोडं कमी. आभाळ एकदा पांढरं फटक झालं की नंतर काही परत येत नाही. शिवाय रॉमध्ये काढा, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, नंतर दुरुस्तीला वाव राहतो. आणि हो, आभाळात काहीच नसेल तर त्याला फ्रेममध्ये जागाच देऊ नका.

घाटवाट:
ॲपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक) एफ/८ ते ११, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००. एफ/२२ वर नेऊन सगळं शार्प येईल असं वाटतं, येत नाही, उलट मऊ पडतं. ट्रायपॉड नसेल तर छोट्या कापडी पिशवीत तांदूळ भरून न्या. तटावर पिशवी, तिच्यावर कॅमेरा, दोन सेकंदांचा टायमर. धबधब्याचं पाणी रेशमी हवं असेल तर शटर साधारण अर्धा सेकंद उघडं ठेवलं तरी पुरतं.
पहिली खरेदी करायचीच तर पोलरायझर, लेन्सवर लावायचा फिल्टर. ओल्या पानांवरची चकाकी जाते, हिरवा रंग खुलतो.

सह्यवारा:
पोलरायझर ठीक, पण आधी पुढ्यात काहीतरी ठेवायला शिका. तटाचा कोपरा, वाकलेलं झाड, छत्री घेतलेला सोबती. नजरेला पाय टेकायला जागा नसली की दरी चित्रातल्यासारखी चपटी होते.

रानपाखरू:
एसी गाडीतून उतरून थेट कॅमेरा बाहेर काढू नका. काचेवर बाष्प धरतं. बॅग बंदच ठेवून अर्धा तास जाऊ द्या. घरी हवाबंद डब्यात ओल शोषणारं सिलिका जेल. माझ्या एका लेन्सला बुरशी लागली ती याच आळसाने.
माझ्याकडे आता फक्त मोबाईल उरलाय. यातलं काही लागू पडतं का?

निसर्गा:
बरंचसं. स्क्रीनवर ढगाला बोट लावून उजेड कमी करा. चिमटीने झूम मात्र टाळा. आणि खिशातून काढल्यावर लेन्स पुसा हो, अर्ध्या लोकांचं 'धुकं' बोटांच्या तेलाचं असतं.

डोंगरवेडा:
सगळ्यांचे आभार. दीडशे फोटो पुन्हा उघडले. एकात चुकून दोर घेतलेल्या एका काकांची पाठ कोपऱ्यात आलीय, तोच त्यातल्या त्यात बरा दिसतोय! लेन्स रद्द. तांदळाची पिशवी शिवून झाली, आता आई विचारतेय की आंबेमोहोरच कशाला हवा होता.