हायड्रोजन मिशनच्या भरवशावर मुलाला ४० हजारांच्या कोर्सला घालू का?

ऐरोलीची_आई
नमस्कार मंडळी, मुलगा केमिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. ठाण्यात स्टेशनजवळ एका क्लासमध्ये ग्रीन हायड्रोजनचा चार महिन्यांचा कोर्स आहे, फी ४० हजार, आणि तिथले सर म्हणाले सरकारने एवढं मोठं मिशन काढलंय, २०३० पर्यंत ६ लाख नोकऱ्या, आत्ता शिरला तर सोनं होईल. १९,७४४ कोटी वगैरे पेपरात मीपण वाचलंय पण हे पैसे नक्की जाणार कुठे आणि आपल्या पट्ट्यात काही येणार का? ह्यांचं म्हणणं भरून टाकू, मला धीर होत नाहीये.

तळोजा_नाइटशिफ्ट
ताई, फी भरू नका अजून. मी १८ वर्षं प्लांटवर आहे, हायड्रोजन रोज हाताळतो म्हणून सांगतो.

मिशन खरं आहे, जानेवारी २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलं, आणि त्या पैशातले १७,४९० कोटी एकाच योजनेत आहेत, म्हणजे जो इलेक्ट्रोलायझर (वीज सोडून पाण्यातून हायड्रोजन वेगळा काढणारं यंत्र) इथे बनवेल किंवा हरित म्हणजे ग्रीन हायड्रोजन तयार करेल त्याला प्रोत्साहन, हायड्रोजनला पहिल्या वर्षी किलोमागे जास्तीत जास्त ५० रुपये मग ४० मग ३०. ते ६ लाख म्हणजे सरकारचा अंदाज, भरती निघालेली नाही.

लोकांना वाटतं हायड्रोजन म्हणजे गाड्या. पण आज देशात तो मुख्यतः लागतो रिफायनरीला आणि खताच्या अमोनियाला. आपल्याकडेच बघा, माहुलच्या रिफायनऱ्या, आरसीएफ या सरकारी खत कंपनीचे ट्रॉम्बे आणि थळचे कारखाने. हा बहुतेक नैसर्गिक वायूपासून काढतात, एका किलोमागे ९-१० किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. हरित म्हणवून घ्यायचं तर २ किलोच्या आत बसलं पाहिजे असा नियम ऑगस्ट २०२३ मध्ये आला. म्हणजे खरं काम तिथे आहे, जुना हायड्रोजन काढून नवा घालायचा.

आणि सगळं अडतं विजेवर. एक किलोला ५० च्या वर युनिट लागतात. वीज ३ रुपयांनी मिळाली तर नुसती वीजच १५० रुपये, कारखान्याच्या ८ रुपयांच्या दराने ४००! म्हणून मोठे प्लांट स्वस्त सौर-पवन वीज मिळेल तिथे जातील, रबाळे-महापेच्या गाळ्यात नाही.

वागळेचा_पक्या
दादा विजेचं कळलं पण पाण्याचं काय, ठाण्यात उन्हाळ्यात टँकर आणि तिकडे पाणी फोडून गॅस बनवणार? मला हे पटतच नाही.

तळोजा_नाइटशिफ्ट
पक्या, प्रश्न रास्त आहे. एका किलोला हिशोबाने ९ लिटर. मिशनचं ध्येय वर्षाला ५० लाख टन, म्हणजे अख्ख्या देशात साधारण १२३ एमएलडी (दिवसाला इतके दशलक्ष लिटर). नवी मुंबईसाठी मोरबे धरणाचं पाणी शुद्ध करणारं भोकरपाड्याचं केंद्र एकटं ४५० एमएलडीचं आहे. शुद्ध करताना वाया जातं ते धरून दुप्पट घे, तरी देशाला जड नाही. पण कोरड्या तालुक्यात सोलर आहे म्हणून प्लांट टाकला तर गावाच्या तोंडचं पाणी जाईल, तिथे मी तुझ्याच बाजूने बोलेन.

ताई, मुलाचं सांगतो. हायड्रोजनची ज्योत दिवसा दिसतच नाही, जुने लोक गळती शोधायला झाडू पुढे धरून चालायचे, पेटला की कळायचं. हे कोर्समध्ये शिकून होत नाही. त्याला इन्स्ट्रुमेंटेशन (प्लांटवरची मोजमापाची आणि नियंत्रणाची उपकरणं), गळती शोधणं, दाबाखालच्या वायूची सेफ्टी हे शिकू द्या, आणि अप्रेंटिसशिप मिळवा, कुठल्याही प्लांटवर चालेल. इलेक्ट्रोलायझर काय, मिठाच्या पाण्यात वीज सोडून कॉस्टिक सोडा आणि क्लोरीन बनवणाऱ्या क्लोर-अल्कलीच्या सेलचा भाऊच आहे, कॉस्टिकच्या कारखान्यात काम केलेला पोरगा तिथे लवकर रुळेल.

ऐरोलीची_आई
दादा खूप खूप आभार, ह्यांनापण वाचून दाखवलं, फी थांबवलीये. मुलगा विचारतोय कॉस्टिकच्या कारखान्यात अप्रेंटिसचा अर्ज कधी करायचा, निकालाआधी चालतो का?

तळोजा_नाइटशिफ्ट
अप्रेंटिसच्या सरकारी पोर्टलवर नाव आत्ताच घालून ठेवा. मार्कशीट हातात आली की अर्ज करा.