मदत हवी आहे: जीपीएसवरचा खडपाचा पॉइंट मोबाइलच्या नकाशात भलतीकडे पडतो

प्रश्न (दर्याकाठ, मालवण):
सिंधुदुर्ग किल्ल्याच्या पश्चिमेला पाण्याखाली एक खडप (बुडालेला खडक) आहे. जाळी अडकून फाटतात, म्हणून होडीवरच्या जीपीएसमध्ये ती जागा मार्क करून ठेवली आहे. मशीन असं दाखवतं:

१६ ०२.५८० उत्तर
७३ २६.३४० पूर्व

मोबाइलच्या नकाशात १६.०२५८०, ७३.२६३४० टाकलं तर पॉइंट जवळजवळ १९ किमी बाहेर, भर समुद्रात जातो. भाच्याने १६ अंश ०२ मिनिटं ५८ सेकंद, ७३ अंश २६ मिनिटं ३४ सेकंद असं टाकून पाहिलं. तेव्हा जवळ आला, पण ८०० मीटरच्या वर ईशान्येला सरकलेला. मशीन बिघडलं आहे का? बाकीच्या होड्यांना हा पॉइंट द्यायचा आहे.

उत्तर (होकायंत्र):
दादा, मशीन ठणठणीत आहे. आकडे लिहायच्या तीन पद्धती आहेत, त्यांची सरमिसळ झाली आहे.

तुमचं मशीन अंश आणि दशांश मिनिटं दाखवतं. म्हणजे १६ अंश, आणि २ पूर्णांक ५८० सहस्रांश मिनिटं. नकाशाला तुम्ही दिलेत ते नुसते दशांश अंश. एका अंशात मिनिटं ६० असतात, १०० नव्हे. म्हणून मिनिटांना ६० ने भागायचं आणि उत्तर अंशांत मिळवायचं:

०२.५८० ÷ ६० = ०.०४३००, म्हणून १६.०४३००
२६.३४० ÷ ६० = ०.४३९००, म्हणून ७३.४३९००

हे दोन आकडे टाका, आधी अक्षांश, मग स्वल्पविराम, मग रेखांश. क्रम उलटा झाला तर पॉइंट थेट नॉर्वेच्या उत्तरेला, भर समुद्रात पडेल. आपल्या किनाऱ्यापुरती खूण सोपी आहे: अक्षांश १५ ते २० च्या घरात, रेखांश ७२ ते ७४ च्या.

भाच्याची चूक वेगळी आहे. .५८० म्हणजे ५८ सेकंद नव्हेत. ०.५८० × ६० = ३४.८ सेकंद. तसंच ०.३४० × ६० = २०.४ सेकंद. सेकंदांतच टाकायचं असेल तर १६ अंश ०२ मिनिटं ३४.८ सेकंद, ७३ अंश २६ मिनिटं २०.४ सेकंद.

कागदावर उतरवताना ०२ मधलं शून्य गाळू नका. १६ २.५८० चं कुणी घाईत १६.२५८ केलं तर पॉइंट २४ किमी उत्तरेला, आचऱ्याच्याही पुढे जातो.

दर वेळी हिशोब नको असेल तर मशीनच्या सेटिंगमध्ये पोझिशन फॉरमॅट बदलून दशांश अंश करता येतो. साठवलेले मार्क त्याने हलत नाहीत, फक्त दिसण्याची पद्धत बदलते. तरी समुद्रावर दशांश मिनिटंच ठेवा, असं माझं ठाम मत आहे. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे साधारण एक सागरी मैल, १८५२ मीटर. अंतर नजरेनेच काढता येतं. रेखांशाचं मिनिट मात्र मालवणच्या आसपास सुमारे १७८० मीटरच भरतं, कारण रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे जवळ जवळ येत जातात.

प्रश्नकर्ता:
बसला! पॉइंट बरोबर जागेवर आला. आता दुसरं. एका जुन्या कागदी नकाशावरून दुसऱ्या खडपाचे आकडे घेऊन मशीनमध्ये भरले. पद्धत तीच, दशांश मिनिटं. तरी जागा शे-दीडशे मीटर चुकते.

उत्तर (सर्व्हेवाला):
इथे डेटम बघा. पृथ्वीचा आकार कोणता धरून रेघा आखल्या, त्यावर आकडे ठरतात. जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ वापरतं. भारताचे जुने स्थलदर्शक नकाशे एव्हरेस्ट गोलाभावर, म्हणजे पृथ्वीचा वेगळा आकार धरून, आखलेले आहेत. त्यामुळे एकाच जागेचे आकडे दोन्हींत थोडे वेगळे येतात, आणि एवढा फरक सहज पडतो.

नकाशाच्या समासात डेटमचं नाव छापलेलं असतं. सागरी चार्टवर कधी कधी ‘उपग्रहाने मिळालेली जागा इतकी मिनिटं अमुक दिशेला सरकवा’ अशी टीपही असते. ती टीप जीपीएसचा आकडा चार्टवर मांडण्यासाठी आहे. तुम्ही चार्टवरून मशीनमध्ये नेताय, म्हणून दुरुस्ती उलट दिशेने करा. मशीनचं डेटम मात्र कायम डब्ल्यूजीएस ८४ ठेवा. एका कामासाठी बदललं आणि परत करायचं राहिलं, तर पुढे हाताने भरलेला प्रत्येक पॉइंट सरकेल.

आणि खडपाच्या अगदी कडेला जाळं टाकू नका. साध्या जीपीएसची चूक ५ ते १० मीटर धरायची असते, शिवाय मार्क केला तेव्हा होडी वाऱ्याने, ओढीने हललेली असते. पॉइंटभोवती निदान ५० मीटर मोकळे सोडा.

उत्तर (होकायंत्र):
बाकीच्या होड्यांना देताना नुसते आकडे पाठवू नका. सोबत ‘अंश, दशांश मिनिटं, डब्ल्यूजीएस ८४’ एवढं लिहा. धक्क्याला होड्या शेजारी असताना सगळ्यांची मशीनं चालू करून आकडे ताडून पाहा. एखाद्या मशीनचा फॉरमॅट किंवा डेटम वेगळा असेल तर तिथेच कळेल.

अडचणीत व्हीएचएफ रेडिओच्या चॅनेल १६ वर किंवा तटरक्षक दलाच्या १५५४ या फोन नंबरवर जागा सांगायची वेळ आली, तर एकेक आकडा सुटा वाचा: ‘एक सहा अंश, शून्य दोन दशांश पाच आठ शून्य मिनिटं उत्तर’. ‘अंश’ आणि ‘मिनिटं’ हे शब्द गाळू नका. नाहीतर पलीकडचा माणूसही तुमच्यासारखंच १६.०२५८० लिहून घेईल आणि शोध १९ किमी लांब सुरू होईल.