आरए (संधिवात), थायरॉइड आणि आता सोरायसिस, त्यात आणखी एक इंजेक्शन म्हणतायत. तुम्ही कसं ठरवलं?

रामबागची_ताई
नमस्कार मंडळी, मी इंदूरची, वय ४४. हाशिमोटो थायरॉइड बारा वर्षं झाली, आरए आठ वर्षं (त्याची रक्ततपासणी अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह) आणि गेल्या दिवाळीपासून कोपरांवर आणि डोक्यात सोरायसिस. चालू काय काय आहे ते सांगते, सकाळी थायरॉक्सिन, सांध्यांसाठी दर रविवारी मेथोट्रेक्सेट १५ मिलीग्राम, मधल्या दिवसांत फॉलिक अ‍ॅसिड, एचसीक्यू (हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, तेही सांध्यांसाठी) ४०० मिलीग्राम रोज, कॅल्शियम, आणि हात फारच आखडले की आठ-दहा दिवस प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइड.

आता सांध्यांचे डॉक्टर म्हणतात एवढ्याने भागत नाहीये, अडालिमुमॅब (इम्युनिटी दाबणारं इंजेक्शन) जोडू, दर पंधरा दिवसांनी पोटावर टोचायचं. स्किनवाले म्हणतात एचसीक्यूने काहींचं सोरायसिस भडकतं, आधी ते सोडा. आणि थायरॉइडवाले टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) बघतात, आकडा बदलतात, पुढचा पेशंट. तिघं आपापल्या जागी बरोबरच असतील हो, पण गोळ्या सगळ्या एकाच बाईच्या पोटात जातायत ना! मला खरं म्हणजे इंजेक्शनची नाही, बेरजेची भीती वाटते. त्यात या इंजेक्शनने आत झोपलेला टीबी जागा होऊ शकतो म्हणून माँटू (हातावरची टीबीची चाचणी) केली, ती १५ मिलीमीटर, म्हणजे पॉझिटिव्ह आली. सासऱ्यांना टीबी झाला होता तेव्हा त्यांचं सगळं मीच केलं होतं.

ज्यांना दोन-तीन असे आजार आहेत त्यांनी सांगा, चढवायचं की थांबायचं हे कसं ठरवलं?

सुदामानगर_काका
ताई, मला अल्सरेटिव्ह कोलायटिस (आतड्याची सूज) आणि अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस (मणका आखडतो तो), दोन्ही. आधी पाठीसाठी एटानरसेप्टचं इंजेक्शन दिलं होतं, पाठ छान मोकळी झाली पण पोट जैसे थे, कारण ते इंजेक्शन आतड्यावर चालतच नाही हे मला वर्षभराने कळलं, म्हणजे पोटाच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा माझा पाठीचा कागद वाचला तेव्हा. मग अडालिमुमॅबवर आणलं, ते दोन्हीकडे चालतं, आणि पोटाची एक गोळी उलट कमी झाली. म्हणून मी तर म्हणेन की चढवू का असं नका विचारू, हे आलं तर जुन्यातलं काय उतरेल ते विचारा. तुमच्या केसमध्ये ते सांधे आणि सोरायसिस दोन्हीला चालतं. एक खोच आहे मात्र, याच जातीच्या इंजेक्शनांनी क्वचित कोणाला उलट सोरायसिस नव्याने उठतं, स्किनवाल्यांना आधीच सांगून ठेवा म्हणजे नंतर तूतू-मैंमैं नको.

टीबीचं म्हणाल तर माँटू बीसीजीच्या लशीमुळेही पॉझिटिव्ह येऊ शकते, टीबीच्याच इग्रा रक्ततपासणीला तो गोंधळ नाही. पण घरात टीबी होता हे स्वतःहून सांगा, फाइलमध्ये लिहूनच घ्या. मला झोपलेला टीबी निघाला होता, महिनाभर आयसोनियाझिड (टीबीची गोळी) घेतल्यावर मग पहिलं इंजेक्शन आणि गोळी पुढेही चालू. तुमचं मेथोट्रेक्सेट आहे आणि दोघांचा भार लिव्हरवरच, तेव्हा एलएफटी (लिव्हरची रक्ततपासणी) कधी-कधी करायची ते तारखेसकट विचारून घ्या. हिपॅटायटिस बी आणि सीसुद्धा आधी बघतात.

योगमित्र_इंदौर
ताई एवढी केमिकल्स कशाला, रोज सकाळी गुळवेलीचा काढा घ्या, इम्युनिटी वाढेल आणि सगळं मुळापासून जाईल. आमच्या शेजारी एकांना फार फरक पडला.

सुदामानगर_काका
भिया, इम्युनिटी कमी आहे म्हणून नाही, ती घरच्यांवरच उलटलीये म्हणून हे आजार आहेत. तिला अजून खुराक कशाला? आणि २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्यांना लिव्हरची सूज आल्याच्या केसेस छापल्या होत्या. आयुष मंत्रालयाने ते मानलं नाही, वाद झाला, पण मेथोट्रेक्सेटवाल्या बाईने तो वाद स्वतःच्या लिव्हरवर कशाला सोडवायचा.

दवाबाजारवाला
माझं मेडिकलचं दुकान आहे, मी डॉक्टर नाही, तरी एक दिसलं ते बोलतो. ताई तुमचं वजन किती? एचसीक्यूचा हिशोब वजनावर असतो, रोज किलोमागे ५ मिलीग्रामच्या आत. ४०० म्हणजे ८० किलोच्या माणसाचा डोस. आणि पाच वर्षांच्या वर घेताय तर डोळ्याच्या पडद्याची तपासणी दरवर्षी, ओसीटी (पडद्याचा स्कॅन) आणि फील्ड (नजरेचा आवाका), कारण या गोळीने पडदा खराब होऊ शकतो. नुसता चष्म्याचा नंबर काढून आलात तर ती तपासणी नव्हे.

दुसरं, लघवीच्या इन्फेक्शनला वगैरे कोणी सेप्ट्रान हे अँटिबायोटिक लिहून दिलं तर तिथल्या तिथे सांगा की मी मेथोट्रेक्सेटवर आहे. दोन्ही एकत्र झालं तर रक्तपेशी धडाधड पडतात, जीवावर बेतू शकतं. आणि कॅल्शियम थायरॉक्सिनपासून चार तास लांब.

ग्वाल्हेरची_वहिनी
मेथोट्रेक्सेटवरून आठवलं. सासूबाईंच्या डब्यात फॉलिक आणि ती, दोन्ही बारीक पिवळ्या, मीच भरायचे. एका आठवड्यात उलटसुलट झालं, चार दिवस रोज मेथोट्रेक्सेट गेली. तोंड आतून सोलून निघालं, पाणी पिववेना, अ‍ॅडमिट करावं लागलं. आता ती पट्टी कपाटात वेगळी, वर लाल स्केचपेनने "रवि" लिहिलंय आणि ती मी हातात देते. सहा महिने झाले, अजून डबा उघडताना हात थरथरतो.

रामबागची_ताई
सगळ्यांना खूप खूप थँक्यू. दवाबाजारवाले दादा, वजन ५८ आहे. औषध सुरू झालं तेव्हा ७७ होतं, डोस तोच राहून गेला, मीही कधी विचारलं नाही! ५८ पंचे २९०. आणि डोळ्यांचं म्हणाल तर मी खरंच नंबर काढून येत होते, चार वर्षं. कॅल्शियमपण सकाळी पोह्यांनंतर लगेच घेते, थायरॉक्सिनच्या अर्ध्या तासात, आता रात्री नेलं. टीएसएच का हलत राहतो ते थोडं कळलं.

काल रात्री कालनिर्णयच्या जुन्या पानामागे सगळी औषधं डोस आणि सुरू केल्याच्या वर्षासकट लिहिली, फोटो काढून तिन्ही डॉक्टरांना तोच दाखवणार. एचसीक्यू मी स्वतःहून सोडत नाहीये, गुरुवारी सांध्यांच्या डॉक्टरांचा नंबर लागलाय, त्यांनाच स्किनवाल्यांशी फोनवर बोला म्हणणार आहे, तेही माझ्यासमोर. काका, आयसोनियाझिडने मळमळ व्हायची का तुम्हाला? रविवारची गोळी घेतली की माझा सोमवार तसाही वाया जातो.