डबल मार्कर करायची की नाही? काही ठरतच नाहीये

ओवी३४:
बारावा आठवडा चालू आहे, पहिलीच वेळ. डॉक्टरांनी एनटी स्कॅन (बाळाच्या मानेमागची जाडी बघायची सोनोग्राफी) आणि डबल मार्कर (माझ्या रक्ताची तपासणी) लिहून दिलीये, कशासाठी विचारलं तर म्हणाले रुटीन आहे, सगळ्यांचीच करतो. घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं की डाऊन सिंड्रोमसाठी, म्हणजे बाळात एक गुणसूत्र जास्तीचं आहे का त्यासाठी असते, तेव्हापासून डोक्यात तेच. नवरा म्हणतो करून टाक, नॉर्मलच येणार. पण नाही आली तर? पुढचं कोणी बोलतच नाही, विषय काढला की ‘अभद्र बोलू नकोस’ म्हणून गप्प करतात. आणि १४वा आठवडा लागायच्या आत करावी लागते म्हणे, म्हणजे विचाराला वेळ पण नाही. केलेल्या आणि न केलेल्या दोघींनी सांगा प्लीज, नुसतं ‘पॉझिटिव्ह राहा’ नको.

मीरा_एम:
मी केली होती. रिपोर्टवर ठळक अक्षरात हाय रिस्क, १:१९०. मी हातपायच गाळले, बाळाला काहीतरी आहेच असं धरून बसले. नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी नीट समजावलं की असा आकडा आलेल्या १९० जणींत एकीच्या बाळाला डाऊन असतं, बाकी १८९ जणींच्या नाही. बऱ्याच ठिकाणी १:२५० च्या वर शक्यता गेली की हाय रिस्क छापतात. मग एनआयपीटी केली, ती पण आईच्या रक्तावरच होते, त्यातला बाळाकडचा डीएनए बघतात, लो रिस्क आली. पण रिपोर्ट येईपर्यंत मी पोटावर हातसुद्धा ठेवत नव्हते गं, जीव लावायचीच भीती. तरी परत वेळ आली तर करेन, मला माहीत नसणं जास्त जड जातं.

शांतघर:
आम्ही नाही केली. आधी दोघं बसून बोललो, समजा आलंच तर काय? उत्तर एकच निघालं, बाळ ठेवायचं. गर्भजल तपासणीची पण तयारी नव्हती, पोटातून सुई घालून बाळाभोवतीचं पाणी काढतात, त्यात गर्भपाताचा धोका शंभरात एकापेक्षा कमी असतो तरीसुद्धा नको वाटलं. मग तो आकडा घेऊन नऊ महिने झुरायचं कशाला. नातेवाइकांना हट्ट वाटला, वाटू दे. पाचव्या महिन्यातला ॲनॉमली स्कॅन, म्हणजे बाळाचे अवयव बघायची सोनोग्राफी, मात्र केला.

रोहनचीआई:
ओवी, माझा मुलगा डाऊन सिंड्रोमचा आहे. माझी टेस्ट लो रिस्क आली होती, वयही २७च. एनटी आणि डबल मार्कर मिळून डाऊनच्या शंभर बाळांतली ८५-९० लक्षात येतात, बाकीची सुटतात, आमचा त्यातला. मला आधी कळायला हवं होतं असं फार वाटतं, आणि ते पाडण्यासाठी नाही. अशा जवळजवळ निम्म्या बाळांना हृदयाचा दोष असतो, याला पण होता, आणि सगळी धावपळ बाळंतपणानंतर झाली. आधी कळलं असतं तर लहान मुलांचे हृदयाचे डॉक्टर जिथे आहेत तिथेच नाव घातलं असतं.
अजून एक. आम्हाला सांगितलं तेव्हा फक्त याला काय काय जमणार नाही याचीच यादी ऐकवली. तो आता शर्टाची बटणं स्वतः लावतो, खालून वर, एकेका बटणाला भरपूर वेळ घेतो आणि मध्ये कोणी हात लावला की सगळी सोडून पहिल्यापासून सुरू. घाई असते तेव्हा जीव जातो माझा, पण हे पण सांगायला हवं ना कोणीतरी. तू काहीही ठरव, पण अशा मुलांच्या एखाद्या घरी जाऊन ये आधी.

ओवी३४:
रोहनची आई, तुम्ही लिहिलेलं नवऱ्याला वाचायला दिलं. बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला हाय रिस्क आलं तर गर्भजलापर्यंत जायचं का ते आज रात्रीच बोलू. पहिल्यांदाच बोलतोय आम्ही यावर, खरंच थँक्यू सगळ्यांना. एक विचारायचं होतं, डबल मार्कर सोडून थेट एनआयपीटी केली तर चालते का?

मीरा_एम:
चालते, दहाव्या आठवड्यापासून पुढे कधीही, आणि डाऊनसाठी ती डबल मार्करपेक्षा बरीच अचूक आहे. पण एनटी स्कॅन सोडू नकोस, त्यात बाळाचं बाकीचं पण दिसतं. आणि एनआयपीटी पॉझिटिव्ह आली तरी ती स्क्रीनिंगच, म्हणजे फक्त शक्यता सांगते, पक्कं निदान गर्भजल किंवा वारेच्या तपासणीतच होतं, त्याआधी कुठलाच निर्णय घेऊ नका.