अल्क्युओने: नाव, अर्थ आणि वापर

प्रश्न: ग्रीक पुराणकथांवरच्या लेखात एक नाव आलं आहे. इंग्रजीत त्याचा उच्चार ‘अल्सायनी’ असा ऐकला. मराठीत कसं लिहावं? ‘हॅल्सियन डेज’ या इंग्रजी वाक्प्रचाराशी त्याचा संबंध आहे का, आणि त्याला ‘सोनेरी दिवस’ म्हटलं तर चालेल का?

उत्तर: संबंध थेट आहे. प्राचीन ग्रीक उच्चाराच्या जवळ जायचं तर ‘अल्क्युओने’ लिहावं; आजचे ग्रीक लोक ‘अल्किओनी’ म्हणतात. ‘हॅल्सियन’मधला ‘ह’ मुळात नव्हता. ‘हाल्स’ म्हणजे समुद्र, त्याच्याशी लोकांनी नातं जोडलं आणि तो चिकटला.

अल्क्युओने ही वाऱ्यांचा स्वामी एओलस याची मुलगी, ट्राखिसचा राजा केईक्स याची बायको. रोमन कवी ओव्हिडने ही कथा फार हळुवारपणे सांगितली आहे. केईक्स देवाचा कौल घ्यायला समुद्रमार्गे क्लारोसला निघतो. ती विनवते, जाऊ नकोस. वारे तिने माहेरी जवळून पाहिलेले असतात. तो जातो आणि वादळात बुडतो. इकडे ती त्याच्यासाठी प्रार्थना करतच राहते. शेवटी स्वप्नांचा देव मॉर्फियस केईक्सचं रूप घेऊन येतो आणि तिला खरं काय ते सांगतो. सकाळी किनाऱ्याकडे वाहत येणारं प्रेत पाहून ती झेप घेते, आणि दोघांचे पक्षी होतात. दुसऱ्या एका परंपरेत मात्र हे रूपांतर म्हणजे शिक्षा आहे: दोघं एकमेकांना झ्यूस आणि हेरा (देवांचा राजा आणि राणी) म्हणू लागले म्हणून.

हा पक्षी म्हणजे खंड्या. ऐन हिवाळ्यात तो समुद्रावर तरंगत्या घरट्यात अंडी उबवतो, आणि नातवंडांसाठी एओलस वारे कोंडून ठेवतो, अशी समजूत होती. अ‍ॅरिस्टॉटलने हे शांत दिवस, म्हणजेच ‘हॅल्सियन डेज’, हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवसाआधीचे सात आणि नंतरचे सात असे दिले आहेत. (खरा खंड्या काठाच्या मातीत बीळ कोरून अंडी घालतो.) ग्रीसमध्ये आजही जानेवारीतल्या उबदार, निवांत दिवसांना तिचंच नाव आहे.

म्हणून ‘सोनेरी दिवस’ मला अपुरं वाटतं. इंग्रजीत हा वाक्प्रचार पुढे ‘गेलेले सुखाचे दिवस’ या अर्थाकडे सरकला. तिथे ‘ते सुखाचे दिवस’ पुरेसं आहे. पण मूळ अर्थाचा गाभा आहे तो वादळी ऋतूच्या मधोमध मिळालेल्या थोड्या दिवसांच्या शांततेत. त्यासाठी आपल्याकडे ‘उघडीप’ आहे. ‘युद्धाच्या धामधुमीत राज्याला दोन वर्षांची उघडीप मिळाली’ हे वाक्य अगदी नेमकं बसतं. मात्र ग्रीक कथाच सांगत असाल तर ‘उघडीप’ वाचकाला थेट श्रावणात नेईल. तिथे ‘अल्क्युओनेचे दिवस’ लिहून पहिल्यांदा अर्थ द्यावा.

प्रश्न: कृत्तिकांमधल्या सर्वांत तेजस्वी ताऱ्यालाही हेच नाव आहे. ती हीच का?

उत्तर: नाही. ती अ‍ॅटलस आणि प्लेओनेची मुलगी, सात बहिणींपैकी एक. आपल्याकडे कृत्तिकांची योगतारा (नक्षत्रातली मुख्य तारा) म्हणतात ती हीच. लेखात दोघी आल्या तर ‘एओलसकन्या’ आणि ‘अ‍ॅटलसकन्या’ असा भेद करावा.

पक्ष्यांची शास्त्रीय नावं मात्र पहिलीच्या कथेतून आली आहेत. आपला पांढऱ्या छातीचा खंड्या म्हणजे ‘हॅल्सियन स्मिर्नेन्सिस’. स्मिर्ना म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं इझमिर, आणि केईक्स ज्या क्लारोसला निघाला होता तेही त्याच परिसरात. नवऱ्याचं नाव मिळालं तिबोटी खंड्याला: ‘सेइक्स एरिथाका’. कोकणात तो पावसाळ्यात वीण करतो, म्हणजे ग्रीक कथेतल्या ऋतूच्या नेमका उलट. इथे ‘सेइक्स’ हा उच्चार लॅटिन नावाच्या इंग्रजी वळणाचा आहे. कथेतल्या राजासाठी ‘केईक्स’च ठेवावं.